तिसऱ्यांदा शिवलेली कॉलर

कुणी नवा शर्ट दाखवला की मी आधी तो उलटा करते. सुनेला हे आवडत नाही. ती म्हणते, "आई, लोकांसमोर तरी नको." पण शर्ट बघायचा तर आतून बघायचा, हे मला भाऊसाहेबांनी शिकवलं आणि त्याला आता वीसएक वर्षं झाली. माझी शाळा चौथीत सुटली. त्यानंतर जे काही शिकले ते त्यांच्या हॉलमध्ये, उभ्यानं.

भाऊसाहेब म्हणजे दत्तात्रय मोघे. बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत त्यांचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे वरच्या मजल्यावरचा एक लांब हॉल, पूर्वेला तीन मोठ्या खिडक्या, सहा मशीनं, कापायचं एक टेबल आणि कोपऱ्यात माठ. राजवाड्याकडचे दुकानदार ऑर्डर द्यायचे, आम्ही शिवून द्यायचो. मोघ्यांचे पूर्वज संस्थानात कारकून होते. भाऊबंद सगळे बँकेत, कॉलेजात, सरकारी कचेरीत. लग्नकार्यात कुणी ओळख करून द्यायचं, "हे आमचे दत्तू, गारमेंट लाइनमध्ये असतात." भाऊसाहेब लगेच म्हणायचे, "शिंपी आहे मी. शर्ट शिवतो." आणि जिलबी मागायचे. त्यांच्या गळ्यात मापाची टेप असायची. ती कधीकधी लग्नातही तशीच राहायची आणि वहिनी, म्हणजे त्यांची बायको, लांबून डोळे वटारायच्या.

त्यांची सकाळ ठरलेली होती. हॉल उघडला की वर्तमानपत्राचं एक पान काढायचं, त्याच्या पट्ट्या करायच्या आणि दोरा न ओवता एकेक पट्टी एकेका मशीनवर चालवायची. मग ती खिडकीशी धरून भोकं बघायची. भोकं सरळ आणि सारख्या अंतरावर असली की मशीन ठीक. भोकाच्या कडा फाटलेल्या दिसल्या की सुई बोथट. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, म्हातारा खुळा आहे. एकदा त्यांनी मला बोलावून पट्टी हातात दिली. "दोरा लपवाछपवी करतो, सुमनबाई. भोक करत नाही. बघा, काय दिसतं?" मी सांगितलं, मधली तीन जवळजवळ आहेत. ते खूश झाले. दुसऱ्या दिवसापासून काज-बटणाबरोबर चेकिंगही माझ्याकडे आलं.

पान मात्र रोज एकच असायचं, नोकरीच्या जाहिरातींचं. हे मला फार उशिरा कळलं. कारखान्यात पेपर सगळ्यांसाठी यायचा, डबा खाताना सगळे वाचायचे, पण 'पाहिजेत'चं पान तेवढं सकाळीच मशीनखालून गेलेलं असायचं. ओव्हरलॉकवर, म्हणजे कडा बांधायच्या मशीनवर बसणाऱ्या किशोरला ते सगळ्यांत आधी कळलं. हा माळव्यातला माणूस, तोंड कधी बंद नाही. फाटकी पट्टी डोळ्यांसमोर धरून म्हणायचा, "भाऊसाब, आज हेल्पर चाहिए था के सुपरवायजर? नीचे का सब छेद में चला गया."

भाऊसाहेब हसायचे नाहीत. "तेरे लायक कुछ नहीं था," म्हणायचे.

माणूस जाईल ही भीती त्यांना बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका मंदीपासून होती. त्या वर्षी दुकानदारांनी ऑर्डरी अर्ध्या केल्या आणि भाऊसाहेबांनी, सगळे करतात तसं, सहा जणांना घरी बसवलं. "काम आलं की बोलावतो," म्हणाले. काम आलं. ते सहा जण तोवर दुसरीकडे लागले होते. मग मिळतील ती माणसं आणून शर्ट शिवले. शाळा उघडली त्या दिवशी भाऊसाहेब नेहमीप्रमाणे शाळेसमोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिले. ही त्यांची दर वर्षीची सवय. आपले कपडे घालून पोरं आत जाताना बघायची. त्या वर्षी पोरांच्या कॉलरी कानांसारख्या वर उभ्या होत्या. शाळेची बाई फाटकाशी उभी राहून एकेकाची दाबून बसवत होती आणि सोडली की ती पुन्हा उठत होती. मी बरोबर होते. परत येताना गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "शिवणारे पुष्कळ मिळतात. कॉलरवाला मिळत नाही. आता कुणाला सोडायचं नाही, सुमनबाई. काहीही झालं तरी."

ते 'काहीही' पुढं मला बघावं लागलं.

कॉलरवाली आमच्याकडे नंतर आली. रेशमा. खंडव्याकडची, तिशी उलटलेली, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. कॉलर उलटवून टोक बाहेर काढलं की ती अंगठ्याचं नख त्याच्यावर एकदा दाबून फिरवायची. ते टोक मग धुण्यात, इस्त्रीत, पोरांच्या मारामारीत कुठंही मोडत नसे. तिच्या हातची कॉलर मी चेकिंगला फक्त नावापुरती बघायचे. तिचा नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. पोरं आम्ही शिवलेल्या शर्टात, त्याच्या व्हॅनमध्ये. रेशमा म्हणायची, "आमचं पूर्ण घर शाळेवर चालतं, मावशी."

मग आजार आला आणि शाळा बंद झाल्या. आधी सगळंच बंद होतं. नंतर दुकानं उघडली, कारखाने उघडले, शाळा उघडल्या नाहीत. शाळा नाही तर गणवेश कोण घेणार? रेशमाच्या नवऱ्याची व्हॅन दारात धूळ खात उभी राहिली. आम्ही दोन महिने तोंडावरचे मास्क शिवले. मग गल्लीगल्लीत सगळेच मास्क शिवायला लागले आणि ते कुणी विचारेना. कापणारा मास्टर गावी गेला तो परतला नाही. कापायचं काम भाऊसाहेब स्वतः करू लागले. आम्ही पाच जण उरलो होतो. मी, रेशमा, किशोर आणि साध्या शिवणीवरच्या दोघी बहिणी.

शहराबाहेरच्या एका मोठ्या फॅक्टरीत तेव्हा दवाखान्याचे गाऊन शिवायचं काम जोरात होतं. त्यांना माणसं हवी होती. त्यांचा चौहान नावाचा माणूस पांढरी गाडी घेऊन यायचा आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर उभा राहायचा, बरोबर जेवणाच्या सुट्टीत. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना म्हणायचा, "बहनजी, परमानेंट है. बस लेने आएगी." भाऊसाहेब खिडकीतून त्याला बघायचे. त्या दिवसांत ते आमच्यासाठी चहा वरच मागवायला लागले.

एक दिवस ते हॉलमध्ये आले आणि म्हणाले, "ऑर्डर मिळाली. धारकडची एक निवासी शाळा आहे. पांढरे शर्ट. मुलं तिथंच राहतात, म्हणून त्यांना लागतात." किशोरनं टाळी वाजवली. भाऊसाहेबांनी सांगितलं, घाई नाही, बारीक टाका घाला, सोमवार-बुधवार-शुक्रवार काम चालेल, पगार पूर्ण. फक्त काज-बटण करायचं नाही, शाळा आपली बटणं लावून घेणार आहे.

मला हे पटलं नाही. काज-बटण माझं काम म्हणून नाही. इतक्या वर्षांत बटणं स्वतः लावून घेणारी शाळा मी बघितली नव्हती. पण मला त्यांनी कॉलर ताठ ठेवणारं बकरम आत भरायला बसवलं आणि पगार चालू राहिला, म्हणून मी गप्प बसले. शनिवारी लोडिंग रिक्षा येऊन गठ्ठे घेऊन जायची. सोमवारी कापलेलं नवीन कापड टेबलावर असायचं. भाऊसाहेबांच्या बोटांना चिकटपट्ट्या असायच्या. विचारलं तर म्हणायचे, कात्री लागली.

पाचव्या आठवड्यात किशोर म्हणाला, "भाऊसाब, ये कौन से स्कूल के बच्चे हैं? सबके बच्चे बढ़ते हैं, इनके घट रहे हैं."

सगळ्या हसल्या. भाऊसाहेबांनी कापायचं टेबल पुसायला घेतलं. ते आधीच स्वच्छ होतं.

किशोरचं म्हणणं मी मनात ठेवलं. ओव्हरलॉकचं पातं दर वेळी कापडाची कड थोडी छाटतं. एकदा शिवताना तेवढं धरलेलंच असतं. माप कमी होत जायला तोच तुकडा पुन्हा पुन्हा पात्याखालून जायला हवा. पुढच्या सोमवारी कापड टेबलावर आलं तेव्हा मी ते नाकाशी धरलं. नव्या कापडाला खळीचा वास येतो. याला धुण्याच्या साबणाचा येत होता. साध्या कापडात सुईची भोकं धुऊन, इस्त्री करून बरीच बुजतात. बकरम लावलेल्या कॉलरीत बुजत नाहीत. त्या गठ्ठ्यात बकरम आधीच चिकटवलेलं होतं. "घरी करून आणलं," असं ते म्हणाले होते. सगळे जेवायला बसल्यावर मी एक कॉलर घेतली आणि मधल्या खिडकीशी धरली. कडेनं भोकांची एक ओळ होती. तिच्याजवळ दुसरी, जराशी तिरकी.

मी ती घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. ते एकटेच होते.

"ही दोनदा शिवून उसवलेली आहे," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "तीनदा," म्हणाले.

धारकडे शाळा नव्हतीच. रिक्षा गठ्ठे घेऊन त्यांच्या घरी जात होती. घरी ते आणि वहिनी समोरासमोर बसून अर्ध्या ब्लेडनं शर्ट उसवायचे, तुकडे धुवायचे, वाळवायचे, इस्त्री करून पुन्हा गठ्ठा बांधायचे. काज केलं की कापड कायमचं फाटतं, म्हणून काज बंद.

"वहिनींना उसवायला माझ्यापेक्षा चांगलं येतं," ते म्हणाले. जणू हे सांगण्यासारखं होतं.

"आणि पगार?"

"देवासजवळ प्लॉट होता." त्यांनी 'होता' वर जोर दिला.

"कुठवर चालवणार?"

"शाळा उघडेपर्यंत."

"त्या कधी उघडणार?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"मलाही नाही."

मी म्हटलं, पगार द्यायचाच आहे तर खरं सांगून घरी बसवून द्या. ते एकदम चिडले. मी त्यांना चिडलेलं फार थोडं बघितलं होतं. "घरी बसलेला माणूस परत येत नाही. मी एकदा बघितलं आहे. फुकटचे पैसे महिनाभर घेतात, मग त्यांनाच लाज वाटते आणि लाजेनं जातात. रेशमा तर पंधरा दिवस घेणार नाही. आणि हात? चार महिने कॉलर केली नाही तर हात जातो. हात चालू राहिला पाहिजे."

"तुम्ही माणसं सांभाळताय की कोंडताय?"

जिन्यावर किशोरचा आवाज आला तसं त्यांनी कॉलर माझ्या हातातून घेतली आणि खिशात घातली. "कुणाला सांगू नका," म्हणाले.

"मी होऊन सांगणार नाही. कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

बुधवारी रेशमानं विचारलं. मी माठाशी पाणी पीत होते. ती हळूच जवळ आली. "मावशी, एक सांगा. त्या चौहाननं मला शनिवारपर्यंत टाइम दिला आहे. पक्की नोकरी आहे. मी ना म्हणणार आहे. भाऊसाहेबांकडे ऑर्डर चालू आहे, त्यांना असं बीच में सोडून कशी जाऊ? पण घरचे ऐकत नाहीत. हे म्हणतात, धारची ऑर्डर संपली की मग? तुम्ही इतक्या जुन्या. ही ऑर्डर पुढं चालणार ना?"

मी पेला माठावर पालथा घातला. हो म्हटलं असतं तर ती राहिली असती, कारखान्याची कॉलर राहिली असती. तिच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

"जबाब शनिवारी द्यायचा आहे ना?" मी म्हटलं. "मग शुक्रवारपर्यंत कुणाला हो-ना काही सांगू नकोस."

तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. बाई हुशार होती.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी भाऊसाहेबांना म्हटलं, "शुक्रवारी तुम्ही सांगा. नाही सांगितलं तर मी सांगते."

"ती जाईल."

"जाईल."

"पुढच्या हंगामात कॉलर कोण करेल, सुमनबाई? तुम्ही?"

"ते तुमचं बघा. तिनं तुमच्या शाळेवर भरवसा ठेवून पक्की नोकरी सोडायची, आणि ती शाळाच नाही? उद्या प्लॉटाचे पैसे संपले की तुम्ही तिला काय सांगणार?"

मी चप्पल घालून निघाले. माझीही नोकरी तीच होती.

शुक्रवारी मी गेले तेव्हा हॉल उघडा होता आणि मशीनं तशीच झाकलेली होती. कागदाच्या पट्ट्या नव्हत्या. भाऊसाहेब खिडकीशी पाठ करून उभे. कापायच्या टेबलावर वर्तमानपत्राचं एकच पान पसरलेलं, नोकरीच्या जाहिरातींचं. अख्खं, एक भोक नाही. किशोर आत आला, त्यानं पान बघितलं आणि त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. तेव्हा दोघी बहिणी घाबरल्या.

रेशमा शेवटी आली. भाऊसाहेबांनी खिशातून ती कॉलर काढली आणि तिच्या हातात दिली. खिडकीकडे हात केला.

तिनं ती उजेडात धरली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"हे टोक माझं आहे," नखाच्या वळावर बोट ठेवत रेशमा म्हणाली. मग म्हणाली, "हे पण माझं. याच्या खालचं पण."

"शाळा नाही," भाऊसाहेब म्हणाले. "ऑर्डर नाही. घरी नेऊन उसवतो. तुम्ही कुणी जाऊ नये म्हणून केलं. दिवाळीपर्यंत पगार देऊ शकेन. पुढचं माहीत नाही. पान तिथं आहे. ज्याला जायचं त्यानं जा."

मला वाटलं होतं ती नोकरीवरून बोलेल. ती म्हणाली, "तीन बार? माझी कॉलर तुम्ही तीन बार ब्लेडनं फाडली?"

"उसवली. फाडली नाही."

"मी घरी पोरींना सांगत होते. धारला होस्टेलमधली पोरं आहेत, आईबाप दूर, ती माझी कॉलर घालून बसतात. रोज सांगायचे." तिचा आवाज चढला. "कुणी घातलीच नाही? एकानं पण नाही?"

भाऊसाहेबांनी मान हलवली. नाही.

तिनं कॉलर टेबलावर ठेवली, त्या पानावर. डब्याची पिशवी उचलली आणि गेली. किशोर पुटपुटला, "मैं तो पहले ही बोला था, बच्चे छोटे हो रहे हैं." पण कुणी हसलं नाही आणि तोही हसला नाही.

शनिवारी दुपारी भाऊसाहेबांचा फोन आला, जरा टपरीपर्यंत या म्हणून. का, ते मी विचारलं नाही. टपरीवर चौहान होता, पांढरी गाडी होती आणि थोडी बाजूला रेशमा उभी होती. भाऊसाहेब सरळ चौहानसमोर गेले. तो दोन पावलं मागं सरकला. त्याला वाटलं असणार, म्हातारा भांडायला आला.

"ये कॉलर बनाती है," भाऊसाहेब म्हणाले. "इसको सीधी सिलाई पे मत बिठाना. हाथ बिगड़ जाएगा."

"हमारे यहाँ गाउन है अंकल. गाउन में कॉलर होती ही नहीं."

"आज नहीं है. काम बदलता है. जिस दिन कॉलर का काम आए, उस दिन किसी और को मत देना. लिख लो."

चौहाननं खरंच मोबाइलवर काहीतरी लिहिलं, किंवा लिहिल्यासारखं केलं. रेशमा रस्त्याकडे बघत होती. भाऊसाहेबांनी तिच्याकडे बघितलं नाही, तिनं यांच्याकडे बघितलं नाही. मी दोघांकडे बघून घेतलं. परत येताना त्यांनी एवढंच म्हटलं, "साक्षीला कुणी पाहिजे होतं."

त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. चहा मात्र माझ्या टेबलावर स्वतः आणून ठेवायचे, कपबशी जोरात आपटून. मीही तसाच प्यायचे. मी केलं ते बरोबर केलं, असं मला तेव्हाही वाटत होतं. त्यानं कारखान्याचं वाटोळं झालं, हेही मी नाकारत नाही.

बाकीचे चौघे राहिलो. का राहिलो ते प्रत्येकाला विचारलं तर वेगळं सांगेल. किशोर म्हणाला, "दूसरी जगह इतनी बकवास कौन सुनेगा?" पण त्यानं एक अट घातली. "अब उधेड़ना बंद. छोटे ही सही, पूरे तो करो." मग आम्ही ते शर्ट शेवटचे शिवले. कॉलरीवर रेशमाच्या नखाचा दाब होताच, तो आम्ही मोडला नाही. इतक्या महिन्यांनी मी काज केले. कापडाला पहिला छेद दिला तेव्हा भाऊसाहेब हॉलमधून बाहेर गेले. चौसष्ट शर्ट झाले. पाचवी-सहावीच्या मापानं कापलेले होते, झाले पहिली-दुसरीचे. ते कपाटात ठेवून दिले. उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवल्या, पिशव्या संपल्यावर उशांचे अभ्रे.

शाळा शेवटी उघडायच्या झाल्या आणि राजवाड्याकडून खरी ऑर्डर आली. मोठी. भाऊसाहेबांनी कागद दोनदा वाचला. मी म्हटलं, रेशमाला निरोप पाठवू का? "तिची तिथं पक्की नोकरी आहे," म्हणाले. "पक्की म्हणजे पक्की. आपण हात लावायचा नाही." आणि स्वतः तिच्या मशीनवर बसले. सत्तरीला आलेला माणूस. चार बोटं कधी ब्लेडनं, कधी सुईनं फुटलेली. दिवसाला कशाबशा पंधरा कॉलरी व्हायच्या, त्यातल्या दोन मी परत पाठवायचे. ते काही न बोलता उसवायला घ्यायचे. अर्धी ऑर्डर जमली, अर्धी त्यांनी दुकानदाराला परत केली. तो दुकानदार पुन्हा आला नाही.

शाळा उघडली त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. त्याच वर्षी थंडीत भाऊसाहेब गेले. मधले महिने मी त्यांना रोज हॉलमध्ये बघत होते, तरी मी त्यांना त्या दिवशीच शेवटचं बघितलं असं धरून चालते. नंतरचे, खाटेवरचे, ते कुणीतरी दुसरेच होते.

आमच्या भागात एक सरकारी प्राथमिक शाळा आहे. ते चौसष्ट शर्ट त्यांनी तिथल्या मोठ्या बाईंना देऊन टाकले होते. मला सांगितलं नव्हतं. मी सकाळी भाजी आणायला निघाले होते, तर समोरच्या फुटपाथवर भाऊसाहेब उभे. गळ्यात टेप. त्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर, रेशमा. तिच्या गळ्यात फॅक्टरीचं ओळखपत्र, खांद्यावर डब्याची पिशवी. फॅक्टरीची बस आता तिथून सुटायची. कुणी कुणाला बोलावलं होतं की दोघं आपापले आले होते, मला माहीत नाही. मी रस्त्याच्या अलीकडे थांबले. पुढं गेले नाही.

पोरं येत होती. दीड-दोन वर्षांनी शाळा बघणारी, काही पहिल्यांदाच बघणारी, रडणारी, दप्तर ओढत नेणारी. बरीचशी पांढऱ्या शर्टात. भाऊसाहेबांचे ओठ हलत होते. चौसष्ट मोजत असणार.

रेशमानं रस्ता ओलांडला. फाटकाशी एक लहान पोरगी उभी होती, तिची आई चप्पल नीट करत होती. रेशमा तिच्यासमोर उकिडवी बसली. पोरीच्या आईला काहीतरी म्हणाली. मग कॉलर हलकेच उचलली, मान वाकडी करून खालची बाजू बघितली. बराच वेळ बघितली. कॉलर पुन्हा खाली बसवली आणि टोकावरून अंगठ्याचं नख एकदा फिरवलं. दुसऱ्या टोकावरूनही फिरवलं.

तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. ती धावत गेली आणि चढली. जाताना भाऊसाहेबांना काही म्हणाली की नाही, ते मला मधल्या रिक्षामुळे दिसलं नाही.

मी भाजी घेतली. कोथिंबिरीसाठी दुसऱ्या गाडीवर गेले. परतले तेव्हा फाटक बंद झालं होतं, आतून पोरांचा गलका येत होता आणि भाऊसाहेब तिथंच उभे होते. मनात म्हटलं, मोजणी चुकली वाटतं, सुटताना पुन्हा मोजणार. शाळा सुटायला अजून तीन तास होते.